आमच्या विहिरीतला पाचू

एका जागी स्वस्थ न बसणं हे आमच्या घराण्यात आहे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, जेवायलाही असे बसायचे की शेवटचा घास तोंडात आणि पाय चपलेत. आई म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं खाली धाडलंय." मी त्यांच्याच वळणावर गेले. शाळेत बाकावर बसवत नाही म्हणून मला कायम फळा पुसायचं काम असे. आज सत्तरीकडे झुकले तरी हे लिहिताना तीनदा उठून गॅसवरचं दूध बघून आले, आणि दूध तर सकाळीच तापवून झालंय. घरात शांत असं माणूस एकच, माझी थोरली बहीण इंदू. तिला मी आक्का म्हणते. ती शांत स्वभावाची आहे असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. ती बोलत नव्हती, एवढंच खरं होतं.

आक्का बोलताना अडखळायची. ओठ मिटून काढायची अक्षरं आली, विशेषतः प, की ती तिथंच थांबायची. ओठ मिटलेले, मानेची शीर ताणलेली, डोळे समोरच्या माणसावर. थोडा वेळ दिला की शब्द यायचा, आणि एकदा आला की पुढचं वाक्य सरळ जायचं. पण तेवढा वेळ द्यायला आमच्या घरी कुणाला सवड होती? आप्पांना तर नव्हतीच. तिनं प वर अडकायचा अवकाश, ते सुरू व्हायचे, "पाणी? पाटी? पिशवी?" त्यांनी "पाणी" म्हटलं की आई तांब्या आणून द्यायची आणि आक्का गुमान पाणी पिऊन टाकायची. तिला पेरू हवा असायचा. एवढं पाणी त्या पोरीनं तहान नसताना प्यायलंय की बोलायची सोय नाही.

तेव्हा आमचं घर खोडदच्या अलीकडे, शेतातच होतं. आता त्या शिवारातून दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या दिसतात आणि पोरं त्याखाली उभी राहून फोटो काढतात. आमच्या वेळी मान वर केली की नारायणगड, आणि खाली केली की आपली बाजरी. त्या उन्हाळ्यात घरात दोन कामं एकदम निघाली होती. एक नवी विहीर आणि दुसरं आक्काचं लग्न. दोन्हींची घाई आप्पांनाच. आक्का जुन्नरच्या कॉलेजात सायन्सला होती. परीक्षा संपवून घरी आली तशी आप्पांनी तिची ट्रंक माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं, "आता पुरं झालं. विहिरीला पाणी लागायच्या आत इंदीचं जमलं पायजे." ट्रंक वर गेली तेव्हा आक्का खालीच उभी होती. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आप्पा तोवर विहिरीवर पोचले होते.

लग्न जमवायला तिच्या बोलण्याचा अडसर होता. आप्पांनी जुन्नरच्या एका ज्योतिषाला पत्रिका दाखवली. त्यानं सांगितलं, बुध बिघडलाय, बुध वाचेचा कारक, पोरीच्या करंगळीत पाचू घाला. झालं. घरात रोज पाचूचं नाव. पाचू म्हणजे काय, तो केवढा असतो, कुठं मिळतो, हे ना आप्पांना ठाऊक होतं ना आईला. हिरवा असतो एवढी माहिती सगळ्यांना होती.

आक्काला मात्र ठाऊक होतं. तिच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी बोटातली पाचूची अंगठी काढून वर्गात फिरवली होती, आणि तिच्यासोबत पाचूचा एक न घडवलेला, ओबडधोबड तुकडाही. ते सगळं आक्कानं आम्हा वाडीतल्या पोरांना शिकवलं. दुपारी खळ्याच्या कडेला, चिंचेखाली. सुट्टीत पोरं मोकाट. आयांनी आमच्याकडे हाकलून दिलेली असत. आक्का काटकीनं मातीत सहा बाजूंची आकृती काढायची. मोहोळाचं घर असतं तशी. "प... पाचू असा वाढतो. सहा कोनांचा खांब." पोरांपुढे ती अडकायची, पण घाबरायची नाही. आणि पोरं थांबायची. त्यांना वाटायचं, हा शब्दच तसा आहे, आधी थोडं थांबून म्हणायचा. वाडीतली लहान पोरं पुढे कितीतरी दिवस ओठ मिटून, गाल फुगवून मग "पाचू" म्हणत. आक्का हसून लोटपोट व्हायची.

ती सांगायची, पाचू ज्या जातीचा आहे ते खनिज मुळात बिनरंगाचं असतं, पाण्यासारखं. जमिनीखाली तयार होताना त्यात क्रोमियम नावाच्या धातूचा कणभर अंश मिसळला की ते हिरवं होतं. पाचूच्या आत रेघा असतात, ठिपके असतात, बारीक तडे असतात. अगदी निर्मळ पाचू कुणी दाखवला तर आधी संशय घ्यायचा. आणि तो कठीण असतो. कठीण म्हणजे काय हे तिनं आम्हाला करून दाखवलं. नखानं कशावर ओरखडा निघतो, तांब्याच्या पैशानं कशावर, चाकूनं कशावर, आणि काचेवर ओरखडा काढायला काय लागतं. शेतातली गारगोटी काचेवर ओरखडा काढते, आणि पाचू गारगोटीवरही काढतो. या शिकवणीचा परिणाम असा झाला की आठवडाभरात वाडीतल्या एकाही कंदिलाची काच धड राहिली नाही. आप्पांच्या दाढीच्या आरशावर मी स्वतः गारगोटीनं माझं नाव लिहिलं आणि त्यापायी फोकाचा मार खाल्ला.

आज मी भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या आश्रमशाळांत हीच शिकवणी घेते. पिशवीत चार दगड, एक काच, एक चाकू. त्यात पाचूचा एक छोटासा खडा आहे, दागिन्यात घालण्याच्या लायकीचा नाही, पण खरा. डोंगरातली पोरं भाताच्या खाचरात वाढलेली, दगड त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. मागे एका मुलीनं खडा हातात घेऊन विचारलं, "आजी, ह्यो एवढा भारी हाय तं तुमी पिशवीत कशाला टाकून फिरता?" मी तिच्या हातून खडा घेऊन पुन्हा पिशवीतच टाकला. आक्का आता गुडघ्यांमुळे येत नाही, पण मी परत आले की फोनवर सगळं विचारते. आधी काच दाखवलीस की आधी चाकू? मी क्रम चुकवलेला असतो. मग बोलणी खाते.

तर विहीर. मुरूम संपला, काळा कातळ लागला आणि सुरुंग सुरू झाले. दुपारी कामगार ओरडायचे, "हाऽऽ बारं हायेत, बाजूला व्हा!" आम्ही घरात पळायचो, कोंबड्या आमच्या आधी पळायच्या. मग धडाड धडाड. फळीवरची भांडी खडखडायची, आई देव्हाऱ्यातल्या समईला हात लावून उभी राहायची. पुन्हा पुन्हा तेच, आणि पाणी काही लागेना. आप्पा दिवसभर विहिरीच्या कडेनं फेऱ्या मारायचे. त्यांच्या चालण्यानं तिथं पायवाट पडली होती.

अशाच एका दुपारी विहिरीतले दगड वर ओढणाऱ्या यारीचं घमेलं वर आलं आणि त्यातल्या डबरात हिरवं काहीतरी चमकलं. कातळात सुरुंगानं पोकळी फुटली होती आणि तिच्या आतून खडे उगवले होते. बोराएवढे, काही लिंबाएवढे, आरपार दिसणारे, दुर्वांच्या कोवळ्या पात्याचा रंग. मी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. आप्पांनी ते धोतराच्या सोग्यात गोळा केले आणि धावत घरी आले. "आगं बघ! पाचू! आपल्या हिरीत पाचू!"

आईनं हात जोडले. विहीर खणायच्या आधी तिनं साती आसरांना हिरव्या बांगड्या आणि हिरवा खण वाहिला होता. पाण्यातल्या त्या सात देवतांना हिरवं दिल्याशिवाय आमच्याकडे कुदळ लावत नाहीत. आता आसरांनी हिरव्याच्या बदल्यात हिरवं परत दिलं होतं, तेही पोरीच्या वाचेसाठी. यात शंका घ्यायला जागा कुठं होती? आमच्याकडचं कुणीही असतं तरी त्यानं हेच म्हटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून माणसं बघायला येऊ लागली. हळदीकुंकू वाहिलेले खडे देव्हाऱ्यात, आणि चुलीवर चहाचं आधण उतरतच नव्हतं. कामगारही पाण्यापेक्षा पोकळ्या शोधायला लागले.

आक्कानं एक खडा घेतला आणि मला घेऊन गोठ्यामागे गेली. तिनं आधी कोन मोजले. चार. मग चाकूचं टोक ओढलं. ओरखडा उमटला. काचेवर खडा घासला. काच जशीच्या तशी. मग तिनं खड्याची सपाट बाजू उन्हाकडे धरली; शिंपल्याच्या आतून असते तशी झाक. चाकू टेकवून हलकीशी टिचकी मारली तर एक पातळ चकती सरळ सुटून आली. तिनं मान हलवली. "नाही हा."

माझ्या पोटात गुपित राहत नाही. मी तशीच पळाले आणि आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला शेंबूड पुसता येत न्हाई आन् मला पाचू शिकवती?" मग आक्का स्वतः गेली. ओसरीत त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, हा प..." पुढे तिचे ओठ मिटले. आप्पांचा चेहरा फुलला. "पाचू! व्हय गं माझे बाय, पाचूच! तुझ्याच नशिबाचा!" आणि तिच्या डोक्यावर थोपटून निघून गेले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुन्हा तेच. आनंदानं तोडलेलं वाक्य रागानं तोडलेल्यापेक्षा जोडायला अवघड जातं, हे मी तेव्हा पाहिलं. ती आत येऊन चुलीपुढे बसली आणि विस्तव उगाच फुंकत राहिली. मी नुसती तडफडत होते. या दारातून त्या दारात.

पाचूची बातमी घोडनदीच्या पलीकडे गेली आणि घोडेगावकडचं स्थळ चालून आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक चुलते. चुलत्यांना सगळे तात्या म्हणत होते आणि बोलणी तेच करणार होते. आईनं पहाटेपासून मासवड्यांचा घाट घातला. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळकट्या, त्यांच्या वड्या आणि शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा. सगळं घर त्या वासानं भरलं होतं. आक्काला हिरवं लुगडं नेसवलं. आप्पांनी बजावलं, "तू निस्ती बस. पोरगी लाजरी हाय म्हणून सांगितलंय म्या. काय इचारलं तर तुझी आई सांगंल."

पाव्हणे बसले. नाव विचारलं, आईनं सांगितलं. शिक्षण विचारलं, आप्पांनी सांगितलं. मुलगा बिचारा खाली मान घालून सतरंजीचे धागे ओढत होता. मग खडे आले. तात्यांनी एक उचलून उजेडात धरला, जिभेनं चाटून पाहिला, का ते देव जाणे. म्हणाले, "पावणं, आमाला मानपान काय नको. ह्यातलं दोन चांगलं खडे पोरीसंगं घाला. एक नवरदेवाच्या अंगठीत, एक नवरीच्या."

"घातलं म्हना की," आप्पा म्हणाले.

"आन् पोरगी बोलत न्हाई जास्त, त्ये एक बरंच हाय. घरात भांडान न्हाई." तात्या हसले. "हिरीत पाचू पिकत्यात म्हणल्यावर राव, मुकी असती तरी आमी केली असती!"

सगळे हसले. मुलाची आई हसली, शेजारचे दोघं आले होते ते हसले. आणि आप्पाही हसले. मोठ्यानं हसले. मी दारात उभी होते आणि मला आप्पांचा असा राग आला की तसा पुन्हा कधी आला नाही.

आक्का उठली. पदर खोचला. म्हणाली, "हा प..."

"पाचू म्हणतीय ती," आप्पा लगबगीनं म्हणाले.

आक्कानं त्यांच्याकडे हात केला, बैलाला थांबवतात तसा. "थांबा, आप्पा." मग ती तिथंच थांबली. ओठ मिटलेले, मानेची शीर ताणलेली. बाहेर यारीचं चाक करकरत होतं. आई पदराचं टोक चावत होती. मला वाटलं आता हिचा जीव जातो की काय. ती कुणाकडेही न बघता फक्त आप्पांकडे बघत होती, आणि आप्पांनी पहिल्यांदाच तोंड उघडून परत मिटलं.

"पाचू नाही," आक्का म्हणाली.

"कशावरनं?" तात्या म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

ती आत गेली आणि घमेल्यात चुलीतले निखारे घेऊन आली. देव्हाऱ्यातला एक खडा, कुंकवासकट, निखाऱ्यावर ठेवला. आई "आगं आगं" करून पुढे झाली, पण तोवर खडा तडतडला होता. त्याचा हिरवा रंग गेला, तो दुधासारखा पांढरा पडला आणि आमच्या डोळ्यांदेखत एकावर एक पापुद्रे सुटून उलगडला. "ह्या दगडात पा... पाणी असतं," आक्का म्हणाली. "तापला की ते निघून जातं. दगड सुटतो. खरा पाचूही विस्तवात घालू नये, त्याला तडे जातात. पण त्याचे असे पापुद्रे होत नाहीत. आमच्या काळ्या खडकात पाचू होत नाही. हा अपोफिलाइट आहे. सुंदर आहे. पण पाचू नाही." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, तात्यांकडे वळून म्हणाली, "आणि मी मुकी नाही. मला वेळ लागतो."

एवढं सलग बोलताना तिला मी वाडीतल्या पोरांपुढेच ऐकलं होतं.

लग्न मोडलं हे सांगायला नको. पण पानं वाढून झाली होती आणि दारचा पाव्हणा उपाशी जाऊ देणं आमच्याकडे बसत नाही, म्हणून सगळे जेवले. तात्यांनी रस्सा मागून घेतला, नुसती वाटी पुढे करून. जाताना मुलानं आक्काला नमस्कार केला. त्याच्या बापानं दंड धरून त्याला जीपमध्ये बसवलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून नको वाटतात. आप्पांनी खडे विहिरीच्या ढिगाऱ्यावर फेकून दिले आणि आक्काशी बोलणं सोडलं. शिवी नाही, मार नाही, काही नाही. ती ओसरीत आली की ते उठून जायचे. आई दोघांच्या मध्ये भाकरीचं ताट घेऊन उभी. माळ्यावरची ट्रंक तिथंच. विहिरीला एक दिवस पाणी लागलं, तेही झरा फुटून, छान. नारळ फुटला, गुलाल उधळला, पण घरात कुणाला उड्या माराव्याशा वाटल्या नाहीत. वाडीत आम्हाला नाव पडलं होतं, पाचूवाले. दुकानात गेलं तरी, "या पाचूवालं, काय देऊ?" आक्का दुपारी चिंचेखाली जायची बंद झाली. मी तिला रोज विचारायचे, आता काय होणार? ती म्हणायची, "म... माहीत नाही." आणि मला तेवढाच एक शब्द सहन व्हायचा नाही.

अशात आप्पा बैल घ्यायला बेल्ह्याच्या बाजाराला निघाले. त्यांनी जेवण सोडल्यासारखं केलं होतं म्हणून आईनं भाकरी बांधून मला सोबत धाडलं, त्यांना खाऊ घालायला. बाजार भरला होता, धूळ, शेणाचा वास, टेम्पोतून उतरणारी जनावरं. आप्पांना एक खिलारी आवडला. व्यापाऱ्यानं उपरणं पुढे केलं आणि दोघांनी त्याखाली हात घातले. आमच्याकडे बैलाचा सौदा असा होतो, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून, तोंडानं चकार शब्द न काढता, म्हणजे शेजारच्याला भाव कळत नाही. भोवती बघे जमले. बोटं दाबली जात होती, माना हलत होत्या. एवढ्यात व्यापाऱ्यानं आप्पांना ओळखलं.

"आरं, ह्ये तर पाचूवालं!" तो मोठ्यानं म्हणाला. "मग काय, बैलाच्या बदल्यात पाचू देताय का, भाऊ?"

बघे फिदीफिदी हसले. मी भाकरीचं गाठोडं छातीशी धरलं. आप्पांचा राग मला माहीत होता. आता बाजारात मारामारी होणार.

आप्पांनी उपरण्याखालचा हात बाहेर काढला. "पाचू न्हवता त्यो," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, त्यामुळे लोक जवळ सरकले. "आमाला कुणालाच कळलं न्हवतं. जुन्नरपासून घोडेगावापतुर लोकं बघून गेली, एकालाबी कळलं न्हाई. माझ्या इंदीला कळलं. चारचौघांत उभं ऱ्हाऊन, तिच्या तोंडानं सांगितलं तिनं."

"ती तोतरी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय, तोतरी," आप्पा म्हणाले. "तुमी समदं सरळ बोलनारं. सांगा बरं, तुमच्यातला एक तरी बोलला असता का?"

व्यापाऱ्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. आप्पा वळले आणि झपाझप चालायला लागले, मी मागून पळत. बैल राहिलाच. पार एस्टीत बसेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्या बाजारात काय बोललो, त्ये आक्काला सांगू नगंस."

मी म्हटलं, "न्हाई सांगत."

घर आलं. आक्का अंगणात बाजरी पाखडत होती. आप्पा अजून फाटकाची कडी लावत होते, तेवढ्यात मी त्यांच्या देखत, चपला पायांत असतानाच, सगळं सांगून टाकलं.